गाडीच्या पार्ट्ससाठी फायबरचा साचा: रेझिन चढवताना नेमकं काय, किती आणि कधी

साचेकार

बंपर, मडगार्ड, स्पॉयलर, डॅशबोर्ड असे भाग फायबरमध्ये करणाऱ्यांच्या तक्रारी फिरून त्याच असतात. रंग दिल्यावर पृष्ठभागावर मॅटचे (काचेच्या धाग्यांच्या चटईचे) धागे दिसतात, कडेला पोकळ फोड निघतो, पार्ट गाडीवर बसवताना एक टोक उचलून येतं. पार्टवर कितीही पुट्टी भरली तरी पुढचा पार्ट तसाच निघतो, कारण दोष साच्यात बसलेला असतो. म्हणून हा धागा फक्त साच्यापुरता. मास्टर, म्हणजे ज्यावरून साचा घ्यायचा तो मूळ नमुना, तयार आहे. त्यावर रेझिन (कडक होणारं द्रव प्लास्टिक) कसं चढवायचं?

मास्टर बारीक पॉलिश पेपरने घासून, कंपाउंडने चमकवून, वर वॅक्सचे पाच-सहा हात देऊन आणि पीव्हीएची (साचा सुटावा म्हणून लावायच्या द्रव्याची) पातळ फिल्म मारून पूर्ण वाळवलेला आहे असं धरतो. वॅक्स सिलिकॉन नसलेलं हवं. सिलिकॉन असेल तर जेलकोट (मॅटशिवाय लावायचा, साच्याचा पृष्ठभाग बनणारा रेझिनचा थर) जागोजाग मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल ठिपके उरतात.

माझं ठाम मत असं की साच्याचा दर्जा पहिल्या दोन मिलिमीटरमध्ये ठरतो. जेलकोट आणि त्यामागचा पहिला पातळ थर. नंतरचे थर साच्याला जाडी आणि ताकद देतात, पण पृष्ठभागावर आलेला दोष त्यांच्याने पुसला जात नाही.

जेलकोट टूलिंगचाच, म्हणजे साच्यांसाठी बनवलेलाच, घ्यावा. तो नेहमीच्या जेलकोटपेक्षा कठीण असतो, उष्णता सहन करतो आणि पुन्हा पुन्हा पॉलिश घेतो. मऊ ब्रशने दोन हात द्यायचे, पहिला आडवा, दुसरा उभा. दोन्ही मिळून ओली जाडी ०.६ ते ०.८ मिलिमीटर यायला हवी. वजनात सांगायचं तर दर हाताला चौरस मीटरमागे साधारण ४०० ग्रॅम. ब्रश दाबून पसरवू नका, जेलकोट भरपूर घेऊन हलक्या हाताने सोडत जा.

पहिला हात बोटाला चिकट लागतो पण रंग बोटावर येत नाही, अशा वेळी दुसरा द्यायचा. दुसऱ्या हातालाही तीच परीक्षा, आणि मग लगेच मॅटचं काम सुरू. जेलकोट रात्रभर उघडा ठेवला की त्यावर धूळ बसते आणि आकसून तो मास्टरवरून जागोजाग सुटूही शकतो. त्यामुळे जेलकोट आणि पहिला थर एकाच दिवशी होतील एवढा वेळ हाताशी ठेवूनच डबा उघडावा.

पहिल्या थराला चौरस मीटरला ३० ग्रॅमची टिश्यू मॅट (अगदी पातळ) आणि त्यामागे ३०० ग्रॅमची चॉप्ड स्ट्रँड मॅट (कापलेल्या सुट्या धाग्यांची), बस्स. आधी जेलकोटवर रेझिन लावायचं, मग मॅट ठेवायची. रेझिन खालून वर आलं की हवाही वर निघते. कोरडी मॅट ठेवून वरून रेझिन ओतलं तर हवा खाली कोंडते. मॅट ठेवल्यावर एक-दोन मिनिटं थांबा. मॅटचे धागे ज्या बाइंडरने धरलेले असतात तो स्टायरीनमध्ये विरघळतो आणि मॅट ओल्या कापडासारखी आकारावर बसते. मग ब्रशच्या टोकाने ठोकत जायचं. ब्रश ओढला तर सुटे झालेले धागे सरकतात आणि एका जागी गोळा, दुसऱ्या जागी नुसतं रेझिन अशी अवस्था होते. शेवटी खाचांचा धातूचा रोलर, मधून कडेकडे.

पांढरट डाग दिसला तर तिथे एकतर धागा कोरडा आहे किंवा हवा आहे. तो आत्ताच काढायचा. हा थर कडक झाल्यावर संपूर्ण पृष्ठभाग नाण्याने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला की तेवढा भाग कापून, घासून, पुन्हा भरायचा. सगळे थर झाल्यावर ही संधी मिळत नाही.

तांबडीजीप

छान धागा. एक शंका. रेझिनमध्ये हार्डनर किती घालायचा यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो. कोणी म्हणतं झाकणाने मोजा, कोणी म्हणतं थंडीत दुप्पट घाला. जास्त घातला तर साचा जास्त कडक होतो का?

रसायनवेडी

नाही, उलट होतं. हे नीट समजून घ्या, कारण रेझिनचं अर्धं काम इथेच आहे.

पॉलिएस्टर रेझिन म्हणजे स्टायरीनमध्ये विरघळलेलं पॉलिएस्टर. आपण ज्याला हार्डनर म्हणतो तो एमईकेपी, म्हणजे खरं तर साखळी-प्रक्रिया सुरू करून देणारा पेरॉक्साइड. प्रमाण वजनाने १ ते २ टक्के, साध्या खोलीच्या तापमानाला दीड टक्का. म्हणजे १ किलो रेझिनला १५ ग्रॅम. १ टक्क्याच्या खाली गेलात तर रेझिन कडक झाल्यासारखं वाटतं, पण आतली जोडणी पूर्ण होत नाही आणि पुढे कितीही दिवस ठेवलं तरी ते तसंच राहतं. जास्त घातलात तर रेझिन तापून आकसतं, तडे जातात. शिवाय एमईकेपी विकताना त्यात पातळ करणारं द्रव्य मिसळलेलं असतं. तेही कडक झालेल्या रेझिनमध्ये राहतं आणि त्याला मऊ करतं.

थंडीवरचा उपाय हार्डनर नाही, उष्णता आहे. १५ अंशांच्या खाली साच्याचं काम करूच नये. खोली, मास्टर आणि रेझिनचा डबा तिन्ही २० ते २५ अंशांवर आधीपासून आणून ठेवा. नुसती खोली तापवली आणि मास्टर गार असेल तर जेलकोट गारच राहणार. उन्हाळ्यात काम असेल तर प्रमाण १ टक्क्याजवळ आणा आणि एका वेळी थोडंच रेझिन कालवा. झाकणाने मोजणं सोडा, वजनकाटा किंवा सिरिंज घ्या. कालवताना डब्याच्या कडा आणि तळ खरवडून घ्या, पण फेटू नका, फेटल्याने बुडबुडे शिरतात.

एक गोष्ट जीवावर बेतणारी आहे. काही रेझिनमध्ये कोबाल्टचा एक्सलरेटर (प्रक्रियेचा वेग वाढवणारं द्रव्य) आधीच घातलेला असतो, काहींत तो वेगळा घालावा लागतो. वेगळा असेल तर आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा, मग एमईकेपी. हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. स्फोट होतो. एकच चमचा दोन्ही डब्यांत घालणंही नको.

इपॉक्सीचा हिशेब पूर्ण वेगळा. तिथे रेझिन आणि हार्डनर एकमेकांशी ठरलेल्या प्रमाणात जोडले जातात, तेव्हा डब्यावरचं प्रमाण पाळायचंच. लवकर व्हावं म्हणून हार्डनर वाढवला तर उरलेला हार्डनर तसाच आत राहतो आणि भाग चिवट, मऊ होतो. घाई असेल तर वेगवान हार्डनर विकत घ्यायचा.

मडगार्ड

साचेकारांच्या पहिल्या थराला +१. त्यात कोपऱ्यांचं सांगायला हवं.

मॅट काटकोनात बसत नाही. ती कोपरा सोडून तिरपी ताणली जाते आणि खाली हवेची नळी राहते. त्या जागी फक्त जेलकोट उरतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या पार्टला तो टवका उडून निघतो. चाकाच्या कमानीची कड, नंबर प्लेटची खाच, फॉग लॅम्पची खोबण या जागा हमखास.

त्यामुळे मॅट लावण्याआधी, जेलकोट चिकट असतानाच, कोपऱ्यात लापशी भरायची. रेझिन, फ्यूम्ड सिलिका (रेझिन घट्ट करणारी पूड) आणि बारीक कापलेले काचेचे धागे, उभं राहील इतकं घट्ट. गोल टोकाच्या पट्टीने ओढून साधारण ५ मिलिमीटर त्रिज्येचा गोलावा द्यायचा. मग मॅट त्यावरून आरामात वळते. लापशी जाड भरू नका, जाड गोळा तापतो आणि तिथेच जेलकोटवर खड्ड्यासारखी खूण उमटते.

दुसरं, मॅट कात्रीने कापण्याऐवजी हाताने फाडा. फाडलेली कड विरळ होत जाते आणि शेजारच्या तुकड्यात मिसळून जाते. कात्रीच्या कडेची पायरी राहते. साच्याच्या बाहेरच्या कडेला मात्र कात्रीच बरी.

अरुंद जागी मोठा तुकडा बसवायचा हट्ट नको. तळहाताएवढे तुकडे एकमेकांवर दोन-तीन सेंटिमीटर चढवत जायचं. हे सगळं रेझिन कालवण्यापूर्वी फाडून, क्रमाने मांडून ठेवायचं. कालवल्यावर हातात वीसेक मिनिटं असतात, त्यात कात्री शोधायला वेळ नसतो.

नवाभिडू

माझ्यापुढे आत्ताच हा प्रश्न आहे. बॉनेट स्कूपच्या साच्याच्या जेलकोटवर, रेझिन लावल्यावर थोड्या वेळाने, मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या आल्या. सपाट भाग ठीक आहे, फक्त खोल भागात आणि एका धारेवर. हार्डनर मोजून दीड टक्का होता. कारण काय असावं?

साचेकार

जेलकोट पुरता पिकण्याआधी, म्हणजे कडक होण्याआधी, वरच्या रेझिनमधलं स्टायरीन त्यात शिरलं. त्याने जेलकोट फुगला, फुगल्यावर जागा नाही म्हणून सुरकुतला. तुमच्याकडे दोन जागा आहेत आणि मला वाटतं दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

धारेवर जेलकोट ओघळून पातळ होतो. पातळ थर स्वतःला तापवू शकत नाही, त्यातलं स्टायरीन उडून जातं, आणि तो अर्धाकच्चा राहतो. धारेवर म्हणून ब्रशने वेगळा हात मारावा लागतो. ओल्या थराची जाडी मोजायची दातेरी पट्टी मिळते, ती वापरली की अंदाजाचं काम संपतं.

खोल भागाचं कारण बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. स्टायरीनची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खोलगट जागेत साठून राहते आणि तिथला जेलकोट पिकू देत नाही. वरचा भाग बोटाला बरोबर लागतो म्हणून आपण पुढे जातो, तळाशी मात्र तो कच्चाच असतो. शक्य असेल तर मास्टर उभा किंवा आडवा करा म्हणजे वाफ बाहेर सांडेल, नाहीतर लांबून मंद वाऱ्याने ती हलवत राहा. पंखा थेट जेलकोटवर नको, त्याने स्टायरीन उडतं आणि पुन्हा तोच त्रास. आणि परीक्षा नेहमी सगळ्यात खोल जागी घ्यायची.

आता दुरुस्ती: सुरकुत्या फार नसतील तर साचा पूर्ण करा, सोडवल्यावर तो भाग घासून टूलिंग जेलकोटने भरा, पॉलिश करा. अर्ध्याहून जास्त भाग गेला असेल तर आत्ताच सोलून काढणं कमी कष्टाचं.

दोनतुकडे

बंपरवाल्यांसाठी. बंपरच्या कडा आत वळलेल्या असतात, त्यामुळे एका तुकड्याचा साचा मास्टरवरून सुटतच नाही. रेझिनचा पहिला थेंब पडण्याआधी हे ठरवा. मास्टर कोणत्या दिशेने बाहेर ओढणार, त्या दिशेला प्रत्येक भिंतीला निदान दोन-तीन अंशांचा उतार आहे का? जिथे उतार उलटा आहे तिथे साचा फोडायचा.

फोडायच्या रेषेवर प्लास्टिक शीटचा बांध उभा करा, मागून आधार द्या, फट मॉडेलिंग क्लेने भरून सफाईने पुसून घ्या. हा बांध म्हणजे पुढची फ्लँज, दोन तुकडे बोल्टने जोडायची कड. रुंदी ५० ते ७५ मिलिमीटर. बांधावर दोन-तीन ठिकाणी क्लेचे अर्धगोल चिकटवा, म्हणजे दोन्ही तुकडे दरवेळी त्याच जागी बसतील. एक बाजू पूर्ण करा, बांध काढा, साचा मास्टरवरून हलवू नका, उघड्या फ्लँजला वॅक्स आणि पीव्हीए द्या, मग दुसरी बाजू. फ्लँजला वॅक्स लावायचं राहिलं तर दोन तुकडे एकजीव होतात आणि करवतीशिवाय मार्ग उरत नाही. बोल्टची भोकं दोन्ही तुकडे जागेवर असतानाच पाडायची, १५० ते २०० मिलिमीटर अंतराने.

फ्लँज आणि साच्याची भिंत जिथे मिळते तो कोपरा मडगार्ड म्हणतात त्या लापशीने भरायचा. साचा उघडताना सगळा ताण तिथेच येतो.

जाळीवाला

थोडं वेगळं मत. पहिल्या थराचं एवढं लाड करण्यात दिवस जातो. जेलकोटवर ४५०च्या मॅटचे चार थर एका दमात, मध्ये वोव्हन रोव्हिंग (काचेच्या जाड धाग्यांचं विणलेलं कापड), आणि साचा संध्याकाळी तयार. ताकदीला विणलेल्या कापडाला तोड नाही. वेगळा पहिला थर कशाला?

साचेकार

रोव्हिंगच्या ताकदीबद्दल वाद नाही. जागेबद्दल आहे. पॉलिएस्टर पिकताना घनफळाने साधारण ७ टक्के आकसतं. विणीच्या खळग्यांत रेझिन जास्त, धाग्यावर कमी, त्यामुळे आकसणं असमान होतं आणि वीण जेलकोटमधून उमटते. टिश्यू आणि ३०० मॅट हे त्या विणीपुढचं पडद्याचं काम करतात. रोव्हिंग वापरायचीच तर किमान तीन थर मॅटच्या मागे, आणि दोन्ही बाजूंना मॅट हवी, कारण रोव्हिंगवर रोव्हिंग नीट चिकटत नाही.

एका दमात चार थर दिले की उष्णता बाहेर पडायला वाव नसतो. साचा तापतो, आकसतो, मास्टरवरून सुटून वाकडा होतो. पार्टचं एक टोक उचलून येतं ते अनेकदा याच कारणाने. म्हणून पहिला थर पिकल्यावर एका वेळी ४५०चे दोन थर, ते तापून गार होऊ द्यायचे, मग पुढचे दोन. चौरस मीटरमागे ४५०च्या एका थराला साधारण १ किलो रेझिन लागतं आणि जाडी एक मिलिमीटरच्या आसपास येते. पार्टच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट साचा हवा, मडगार्डएवढ्या कामाला ५-६ मिलिमीटर.

रेझिन जास्त म्हणजे ताकद जास्त हा समज सोडा. मॅटमध्ये वजनाने काच एक भाग तर रेझिन दोन ते अडीच भाग. रोलर फिरवताना मागे तळं साचत असेल तर ते पुसून काढा. तळं साचलेली जागा ठिसूळ होते आणि आकसतेही जास्त.

रसायनवेडी

जाळीवालांच्या म्हणण्यात एक खरा मुद्दा आहे, फक्त तो वेगळ्या रेझिनला लागू पडतो. न आकसणारं टूलिंग रेझिन मिळतं, त्यात भरणा आणि आकसणं भरून काढणारं द्रव्य असतं. ते द्रव्य काम करायला रेझिन पुरेसं तापावं लागतं, म्हणून तिथे उत्पादक स्वतःच सांगतात की तीन-चार थर एका वेळी द्या. पुरेसं तापल्यावर त्याचा रंग पांढरट होतो, ती ओळख. पण त्या पद्धतीतही जेलकोटमागचा पहिला पातळ थर वेगळाच देतात, बहुतेक वेळा व्हिनाइल एस्टर रेझिनचा, कारण तो उष्णता आणि स्टायरीन जास्त सहन करतो. नेहमीच्या रेझिनला मात्र हा नियम लावू नका.

थरांमधल्या वेळेबद्दलही सांगते. साधं लॅमिनेटिंग (मॅटचे थर चढवायचं) रेझिन हवेच्या बाजूला चिकटच राहतं, हवेतला ऑक्सिजन तिथली प्रक्रिया अडवतो. हा चिकटपणा आपल्या फायद्याचा, पुढचा थर त्याला रासायनिकरीत्या जोडला जातो. एक-दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, धूळ काढून मगच पुढे जा. रेझिनमध्ये वॅक्स घातलेलं असेल तर ते पृष्ठभागावर तरंगून येतं. ते फक्त शेवटच्या थरालाच वापरायचं, मधल्या थराला आलं तर घासल्याशिवाय काहीही चिकटत नाही.

इपॉक्सीचा साचा करणाऱ्यांनी मॅट बघून घ्यावी. नेहमीच्या मॅटचा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो, इपॉक्सीत स्टायरीन नाही, त्यामुळे मॅट ताठच राहते आणि वळत नाही. तिथे विणलेलं कापड घ्या. मास्टर थर्मोकोलचा असेल तर उलट सावधगिरी: स्टायरीन थर्मोकोल खाऊन टाकतं, आधी इपॉक्सीचा थर देऊन तो पूर्ण बंद करा.

तांबडीजीप

मास्क कोणता वापरता? साध्या कापडी मास्कने भागतं का?

रसायनवेडी

अजिबात नाही. कापडी मास्क वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला रबरी मास्क, आणि वास येऊ लागला की कार्ट्रिज बदलायचं. घासताना धुळीचा फिल्टर वेगळा. नायट्राइल हातमोजे.

चष्मा विसरून एमईकेपीची बाटली उघडायचीच नाही. एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. गेलाच तर त्याच क्षणी पाण्याने धुवायला लागा, किमान १५ मिनिटं धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा. पाणी कामाच्या जागेपासून हाताच्या अंतरावर हवं.

उरलेलं कालवलेलं रेझिन डब्यात ठेवू नका. डब्यात ते साचून तापतं, धूर येतो, पेटूही शकतं. उथळ ट्रेमध्ये पसरून उघड्यावर ठेवा. अ‍ॅसिटोनची फडकी कोंबून ठेवू नका, आणि एमईकेपी पुसलेलं फडकं तर त्यांच्यात मुळीच टाकू नका.

मडगार्ड

अवांतर: शेवरोले कॉर्व्हेट १९५३ साली फायबरच्या बॉडीने आली, पण आपल्यासारख्यांना जवळचं उदाहरण मेयर्स मँक्सचं. ब्रूस मेयर्स बोटी बनवणारा माणूस. १९६४ साली त्याने फोक्सवॅगन बीटलच्या यंत्रसामग्रीवर फायबरची डून बग्गी उभी केली. तिचे आकार पाहा, सगळीकडे गोलावा, तीक्ष्ण कोपरा जवळपास नाहीच. मॅट जिथे हसत वळते तिथेच त्याने रेषा नेल्या आहेत. स्वतःचा आकार घडवणाऱ्यांनी ही गोष्ट मास्टर करतानाच लक्षात घ्यावी.

नवाभिडू

सगळ्यांचे आभार. सुरकुत्या कमी भागातच आहेत, म्हणून साचा पूर्ण करतो आहे. आता शेवटचा प्रश्न. मास्टरवरून कधी सोडवायचा आणि पाठीमागे लोखंडी फ्रेम कधी जोडायची?

दोनतुकडे

फ्रेम साचा मास्टरवर असतानाच, पण लॅमिनेट (मॅट आणि रेझिनचे सगळे थर) पूर्ण गार आणि कडक झाल्यावर. पाइप थेट साच्याला चिकटवला तर त्याची रेघ पुढच्या बाजूला उमटते. मध्ये फोमची किंवा पुठ्ठ्याची पट्टी ठेवा आणि पाइपवरून मॅटचे पट्टे दोन्ही बाजूंना उतरवून बांधा. फ्रेम आधी वेल्ड करून ताण निघून गेलेली हवी. जागेवर वेल्डिंग करू नका, उष्णता लागते आणि शेजारी स्टायरीनची वाफ असते.

साचेकार

सोडवायला निदान एक आठवडा थांबा. मास्टर सहन करणारा असेल तर त्यावर असतानाच ४० ते ५० अंशांची ऊब काही तास द्या, तापमान हळू वाढवा आणि हळूच उतरवा. ही ऊब साचा सुटल्यावर पहिल्यांदा मिळाली, म्हणजे पहिल्याच पार्टच्या उष्णतेने मिळाली, तर तो तेव्हा आकसतो आणि मॅट उमटते. बारकोल हार्डनेस (कडकपणा) मोजायचं यंत्र मिळालं तर पाठीमागच्या लॅमिनेटवर ३५-४०चा आकडा आल्यावर निर्धास्त सोडवा.

सोडवताना कडेभोवतीचा जादा भाग आधी कापा, प्लास्टिकच्या पाचरी कडेने थोड्या थोड्या सरकवा, एकाच जागी जोर नको. अडलं तर फटीत पाणी सोडा, पीव्हीए पाण्यात विरघळतं आणि साचा सुटतो. मग कोमट पाण्याने धुऊन, सुरकुतलेली जागा भरून, १००० नंबरपासून ओलं घासत पॉलिशपर्यंत न्या. नव्या साच्याला पहिल्या पार्टआधी वॅक्सचे सहा हात आणि पहिल्या दोन-तीन पार्टना पीव्हीएही लावा. घासण्याआधी त्या खोल भागाचा जवळून फोटो टाका, किती भरावं लागेल ते पाहून सांगतो.